आरशावर ओढलेल्या रेघा

मार्गशीर्षातलं ऊन. सायीसारखं सावकाश धरणारं, केशरकांती, मंदपावली ऊन. मिरजेतल्या त्या तीनमजली इमारतीपुढच्या बुचाच्या झाडाखाली ते उतरलं आणि गळलेल्या शुभ्र, लांबदांड्या फुलांत विसावलं. फुलांपलीकडे पाच पायऱ्या. फक्त पाच.

पाच म्हणजे किती, ते शरयूच्या कमरेला विचारावं. नऊ वर्षांची मृण्मयी, तिची निश्चलचरणा, चंचलनयना लेक, रोज तिच्याच कडेवरून त्या पायऱ्या उतरायची, चढायची. आधी लेक, मग मागाहून चाकांची खुर्ची. लेक चंद्रकलेसारखी वाढत होती. आईचे हात होते तेवढेच होते. "आई, मी जड झाले ना गं?" गेल्या चैत्रात तिनं कानाशी विचारलं. आणि त्या दिवसापासून खाली खेळायला जायचं नावच काढलं नाही.

शरयूनं सोसायटीला अर्ज लिहिला. मग दुसरा. मग सातवा.

"एका मुलीपायी तीस फुटांचा उतार? आणि स्कूटरी काय गच्चीवर लावायच्या?" सचिव पाटणकरकाका कडाडले.

"लावा की, काका," ती शांतपणे म्हणाली, "फक्त एकदा उचलून चढवून बघा."

काकांनी पेनचं टोपण काढलं. मग सही झाली.

आणि आज तो उतार ओला, श्यामल, नवजात असा पहुडला होता. इंचभर उंचीला फूटभर लांबी. असा मंद, असा मायाळू. भीमाप्पा गवंडी सकाळपासून थापीनं त्याला घोटत होते, घोटत होते, घोटत होते. आता त्यात आकाश उतरलं होतं.

"ताई, आरसा केलाय बघा! तोंड बघून भांग पाडा."

शरयूच्या डोळ्यांपुढे खुर्चीची चाकं आली. आरशावर चाक कसं ठरणार? दवात, पावसात, चढाच्या ऐन मध्यावर?

"मामा, खराटा फिरवा यावर. आडव्या रेघा ओढा."

"खराटा?" म्हातारा दुखावला. "चाळीस वर्षं थापी धरली मी. लोक म्हणतील, भीमाप्पाचा हात गेला."

ऊन चढत होतं. सिमेंट आवळत होतं. घटकाभरात तो आरसा दगड होणार होता. शरयूनं पदर खोचला, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि त्या निर्मळ आकाशावर पहिली रेघ ओढली. वाकडी.

भीमाप्पांना ते बघवेना. "द्या इकडं! वाकडी रेघ बी माझ्याच नावावर खपंल." आणि ज्या हातानं घोटलं, त्याच हातानं ते उतार विंचरू लागले, रेघेला रेघ, रेघेला रेघ, लेकीचे केस विंचरावेत तसे.

सात दिवस ओल्या गोणपाटाखाली उतार निजला. आठव्या सकाळी तो दवानं भिजला होता, आणि मृण्मयी त्याच्या पायथ्याशी होती.

"हात मागं, आई."

शरयूनं हात पाठीशी बांधले. ते सुटले नाहीत. इवल्या तळव्यांनी चाकं रेटली. मध्यावर खुर्ची थबकली. रेघेनं चाक धरलं. मग पुढची रेघ. मग पुढची.

उंबऱ्याशी चाकाला चिकटून आलेलं बुचाचं एक फूल गळलं. चुरगळलेलं, दवओलं, शुभ्र. कुणाच्याही कडेवर न बसता वर आलेलं.