खोडलेली ओळ

आमच्या तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, माझ्या नवऱ्याचा, व्हर्लिनचा, बोर्ड चालायचा. बोर्ड म्हणजे एक कॉम्प्युटर, एक मोडेम आणि एक फोन. आमच्या शेबॉयगन गावातली माणसं आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवरून तिथं फोन लावायची आणि एकमेकांसाठी निरोप लिहून ठेवायची. एका वेळी एकच जण. शिकागोच्या दोघांनी बर्फात अडकल्यावर असला पहिला बोर्ड केला, हे कळल्यापासून व्हर्लिनला चैन नव्हतं. दुसऱ्याचा प्रोग्रॅम आणून चालवणं त्याला कमीपणाचं वाटे. अख्खा हिवाळा खपून त्यानं स्वतःचा लिहिला, आणि मग घरी आलेल्या प्रत्येकाची वरात तळघरात. वर कॉफी गार होऊन जायची.

पलीकडचा माणूस जे टाइप करेल ते अक्षर न् अक्षर आमच्याही पडद्यावर उमटायचं. इतर बोर्डांवरही तसंच असे. म्हणून बोर्डवाल्यांची आपसांत एक रीत होती: कुणी खासगी निरोप लिहायला घेतला की आपल्याकडचा पडदा बंद करायचा. व्हर्लिन करत नसे. "बंद केला तर प्रोग्रॅम कुठं बिघडतो ते कळणार कसं?" असं म्हणायचा. निमित्त छान होतं.

त्या बोर्डावर सगळ्यांत लाडका हार्लन फॉस. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. चाळिशी उलटलेली, लग्न नाही. बोलताना इतका अडखळे की दुकानदारसुद्धा त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकत. पण बोर्डावर त्याच्यासारखा वल्ली नव्हता. त्यानं सगळ्यांसाठी लिहिलेले किस्से पडद्यावर वाचत मी कपड्यांच्या घड्या घालायचे आणि एकटीच हसायचे.

त्र्याऐंशीच्या लेन्टमध्ये, ईस्टरआधी शुक्रवारी मांस वर्ज्य असतं त्या दिवसांत, बोर्डावरच्या मंडळींनी ठरवलं, एकदा समोरासमोर भेटू या. शुक्रवारी, चर्चजवळच्या टॅव्हर्नमध्ये, तळलेल्या माशांवर. दहाबाराजण जमले. मार्लिस कून आली, दातांच्या डॉक्टरकडे काम करणारी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. हार्लन आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि कुठं बसावं ते न सुचून दारापाशीच उभा राहिला.

व्हर्लिनचा ब्रॅन्डीचा दुसरा ग्लास चालू होता. "अरे हार्लन, तिकडं काय खांबासारखा उभा? मार्लिसशेजारची खुर्ची हवी होती ना तुला? ये, रिकामी आहे."

सगळे हसले. मार्लिसही हसली. "मला तर काही बोलले नाहीत हे," ती म्हणाली.

"बोलतोय कसला! तुला चारदा लिहिलं, चारदा खोडलं. शेवटी काय पाठवलं, तर 'फ्लॉपी मिळाली, आभारी आहे.'"

मार्लिसनं काटा खाली ठेवला. "तुला काय माहीत त्यांनी काय खोडलं ते?"

"माझ्या पडद्यावर सगळं दिसतं," व्हर्लिन म्हणाला. अभिमानानं म्हणाला हो, प्रोग्रॅम त्याचा होता ना. एकेकाच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं, जो तो आपण काय काय लिहून खोडलं ते आठवत होता. पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्या ओर्विलनं विचारलं, "म्हणजे माझंही?" व्हर्लिननं ग्लास उचलला. हार्लन दारापाशी होताच. त्याला बाहेर पडायला वेळ लागला नाही.

मला इतकी लाज वाटली की ताटातला मासा संपवावा की टाकावा तेही कळेना. नवरा चोरी करताना सापडला असता तर निदान चोर तरी म्हणता आलं असतं. याला काय म्हणायचं? गाडीत मी त्याला म्हटलं, "लोकांनी ओठांवर आलेले शब्द परत गिळले, ते तू मोजत बसलास." त्याचे कान लालबुंद झाले होते.

नंतर बोर्डाचा फोन वाजेनासा झाला. व्हर्लिन जेवायचा आणि तळघरात जाऊन बसायचा. एका रविवारी प्रार्थनेनंतर तो म्हणाला, "हार्लनकडे जायचंय. तू चल." एकट्याची हिंमत नव्हती.

हार्लननं दार उघडलं, पण आत या म्हणाला नाही.

"चुकलो मी, हार्लन. फार चुकलो," व्हर्लिन टोपी हातात घेऊन म्हणाला. "तो भागच काढून टाकलाय प्रोग्रॅममधून. आता मला कुणाचं काही दिसत नाही."

"ते म-मला कसं क-क..."

"कळणार," व्हर्लिन म्हणाला.

हार्लननं तोंड मिटलं. मी व्हर्लिनच्या दंडाला असा चिमटा काढला की तो कळवळला. पुन्हा तेच केलं होतं त्यानं, माफी मागता मागता. त्यालाही ते उमगलं. मान खाली घालून तो बर्फ वितळायला पायरीवर टाकलेल्या मिठाकडे बघत राहिला.

"सावकाश बोल, हार्लन," मी म्हटलं. "आम्हाला घाई नाही."

हार्लननं पुन्हा सुरुवात केली. एकेका शब्दावर त्याची मान ताणली जात होती, डोळे मिटत होते. मी व्हर्लिनचा दंड सोडला नाही. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत आम्ही दोघं थंडीत उभे राहिलो.

"बोललेलं खोडता येत नाही मला," तो म्हणाला. "बोर्डावर येत होतं."