शिवणीत गेलेला प्रश्न

मित्रांनो, मी एका प्रेमकथेचा जुना, बारावा आणि शेवटचा भाग आहे. आम्हाला मांगा म्हणतात, म्हणजे चित्रांतून सांगितलेली गोष्ट. आम्हाला उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून आमची शिवण उजव्या बाजूला असते. एवढं ध्यानात ठेवा, कारण त्यानेच घात केला.

छापखान्यातून मी वाचनालयात आलो. कपाटातल्या जाडजूड कादंबऱ्या मला थिल्लर समजून नाकं मुरडायच्या. पण हातोहात फिरायचो मीच! फिरून फिरून माझी पानं सुटली आणि माझी रवानगी बाइंडरकडे झाली.

या बाइंडरची मुलगी शाळेत शिकवायची. फुफ्फुसांच्या दुखण्याने तिने अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि ते बापलेकींना ठाऊक होतं. आमच्या मालिकेचे अकरा भाग तिने पडल्यापडल्या वाचले होते. शेवटचा भाग वाचून जायचं, एवढा एकच हट्ट तिने धरला होता.

"अगं, दोघांचं जमणार हे पहिल्याच भागात कळतं," बाप म्हणायचा. "मग बारा भाग कशाला?"

"कसं जमतं ते बघायला, बाबा. दोघंही इतकी वेंधळी आहेत! तो मनातलं सांगायला जातो आणि भलतंच बोलून बसतो. हसू येतं आणि जीवही टांगणीला लागतो. आपणही असेच आहोत की."

तिच्यासाठी त्याने मला त्याच दिवशी घाईघाईने शिवलं. चाळीस वर्षांची सवय! हात आपोआप डावीकडे गेला. पानांचा क्रम शाबूत राहिला, पण बाहेरच्या कडेचे संवाद शिवणीत गडप झाले.

संध्याकाळी तिने मला वाचलं. अर्धवट शब्द पाहून ती खोकला येईपर्यंत हसली. शेवटच्या पानावर मात्र थांबली. तिथे नायक धापा टाकत उभा आहे. त्याने काय विचारलं ते शिवणीत होतं. नायिका हसून "नाही" म्हणते, तेवढंच दिसत होतं.

"बाबा, हसून नाही म्हणतेय. मग यानं विचारलं तरी काय? आत्ताच उसवा ना."

"शिवणीवर लावलेला सरस अजून ओला आहे गं. आत्ता उसवलं तर पानं फाटतील. उद्या सकाळी देतो."

"उद्याचं कोणी सांगितलंय, बाबा?"

त्याने मला परत पिशवीत घातलं. सकाळी दुकान उघडून त्याने एकेक टाका जपून काढला. माझ्या एकाही पानाला त्याने ओरखडा येऊ दिला नाही. पुन्हा उजवीकडे शिवलं, कडा साफ केल्या. असं मन लावून केलेलं काम मी दुसरं पाहिलं नाही. त्यात दुपार झाली.

तो मला घेऊन घरी आला, तेव्हा शेजारीण दारातच रडत उभी होती. मुलगी तासापूर्वी गेली होती.

तो तिच्या उशाशी बसला. शेवटचं पान उघडून त्याने तिला मोठ्याने वाचून दाखवलं, "मला फार उशीर झाला का गं?"

पुढचं उत्तर त्याच्याने वाचवलं नाही.

मित्रांनो, आम्हाला जपा असं सगळीच पुस्तकं तुम्हाला सांगतात. मी नाही सांगणार. कोणी आस लावून वाट पाहत असेल, तर सरस वाळायची वाट पाहू नका. आमची पानं फाटली तर खुशाल फाटू द्या.