तुंब्यातली हिरवाई

"आली! बजरंगच्या पट्टीवर हिरवाई आली!"

नगरच्या आमच्या इस्पितळात, भाजलेल्यांच्या वॉर्डाबाहेर, भेटीच्या वेळेला एवढी गर्दी मी आठ वर्षांत पाहिली नव्हती. काष्टीहून अख्खा टेम्पो भरून माणसं आली होती. वॉर्डाच्या दाराला एक गोल काच आहे. तिला नाक लावून प्रत्येकजण आत डोकावत होता आणि मागे सरकताना हात जोडत होता. एका आजोबांनी तर काचेलाच हळद लावली.

"वास घ्या, वास! द्राक्षं!" कुणीतरी ओरडलं.

"ऑगस्टात द्राक्षं कुठली?" मी विचारलं.

"त्योच तर चमत्कार हाय, शिस्टर!"

मी निवेदिता. इस्पितळात जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाऊ नयेत, यावर लक्ष ठेवणं हे माझं काम. म्हणजे कोण हात न धुता आत शिरतो, हे बेसिनपाशी उभं राहून बघायचं आणि त्याला परत पाठवायचं. त्यामुळे मी कुणाचीच लाडकी नाही. डॉक्टर मला पाहिलं की जिना बदलतात.

आणि बजरंग म्हणजे काष्टीचा आचारी. पंचक्रोशीत त्याच्या जिलबीशिवाय बारसं होत नाही. अशाच एका बारशाला कढई कलंडली आणि तापल्या तेलाने त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. जखम खोल होती. मांडीची कातडी काढून तिथे बसवायची, असं आमच्या डॉक्टर अनीशांनी ठरवलं होतं. वार शुक्रवार. ती कातडी धरली तर हात पुन्हा कामाचा. नाही धरली, तर हात कोपरात आखडणार आणि झारा दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार. बजरंग चेष्टेखोर माणूस, पण हा विषय निघाला की तो भिंतीकडे बघायचा.

जखमेत जंतू असले तर नवी कातडी धरत नाही. एवढी साधी गोष्ट आहे. पण त्याची आई, बनुबाई, शीतळनाथ महाराजांकडून कोल्ड्रिंकच्या बाटलीत तीर्थ घेऊन आली होती. मी बेसिनपाशी डॉक्टरांशी भांडत असताना ती पट्टीवर ते रोज दोन झाकणं ओतत होती. महाराजांनी भाकीतही केलं होतं: "चौथ्या दिशी पट्टी हिरवी हुईल, द्राक्षाचा वास सुटंल. समजायचं, हिरवाई माय जखमंत बसली." चौथ्या दिवशी पट्टी हिरवी झाली आणि वासही सुटला. भाकीत खरं ठरल्यावर काष्टीत कोण घरी बसणार?

"शिस्टर, आमी बजरंगला घरी नेतो," बनुबाई म्हणाली. "महाराजांच्या मठात अकरा दिस तीर्थ घालायचं हाय. कातडी काढायची गरजच न्हाई."

"आमच्या जबाबदारीवर नेत आहोत" असं लिहिलेला कागद तिच्या हातात होता. फक्त सही बाकी होती. मी तिला जंतू, संसर्ग सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग महाराजांना आदीच कसं कळलं?"

खरं सांगते, मला तिचा राग आला. पण प्रश्न चोख होता.

"दोन दिवस थांबा, तोवर पट्टीवर काही ओतू नका," मी म्हटलं. "परवा महाराजांनाच इथे बोलवा. देवीची ओळख त्यांनीच पटवावी. आणि थोडं तीर्थ मलाही द्या."

"बगा, साबनवाल्या शिस्टरलाबी पटलं!" बनुबाई आनंदाने म्हणाली. तिने माझ्या हातातली निर्जंतुक कुपी काठोकाठ भरली.

गर्दी असेल तिथे महाराज येणारच. ते ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी हजर झाले. हिरवी कफनी, हिरवा फेटा, पायात हिरव्या क्रॉक्स. काखेत वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा. यातच म्हणे तीर्थ आपोआप सिद्ध होतं. पार्किंगच्या पत्र्याखाली त्यांनी आसन मांडलं.

"अग्नीचा ताप! जळाचा जाप! हिरवाई माय, झटक्यात साफ!" महाराज गरजले. "अमेरिकेचे शास्त्रज्ञ ह्यो तुंबा मागाया आल्ते. म्हनले, बाबा, यात ब्रह्मांडाची व्हायब्रेशनं हायत. म्या म्हनलं, आदी मराठी शिका."

टाळ्या पडल्या. मी टेबलावर चार चपट्या पारदर्शक डब्या मांडल्या. त्यांच्यात जेलीसारखं खाद्य असतं. त्यावर पाण्याचा थेंब टाकून उबेत ठेवलं की थेंबात जे काही जिवंत असेल ते वाढून डोळ्यांना दिसतं. झाकणं चिकटपट्टीने बंद होती. वर फक्त आकडे, एक ते चार.

"महाराज, चार तऱ्हेचं पाणी आहे. त्यात तुमचं तीर्थही आहे. हिरवाई कुठे आहे ते सांगा."

एक आणि तीन कोऱ्या होत्या. दोन नंबरची हिरवट होती. चार नंबर मात्र असा गर्द हिरवा, की बघतच राहावं.

महाराजांनी डोळे मिटले. तुंबा डब्यांवरून तीनदा फिरवला आणि चार नंबरवर येताच अंगात आल्यागत थरथरले. "हीच! साक्षात माय! बाळांनो, दर्शन घ्या!"

बघता बघता रांग लागली. मी हां-हां म्हणेपर्यंत एका बाईने झाकणावर कुंकू वाहिलं, दुसरीने फूल. काचेला हळद लावणारे आजोबा नारळ शोधायला निघाले. पुरावा आणला मी, आणि आरती त्याचीच व्हायला लागली!

"थांबा!" मी ओरडले. "चार नंबर तीर्थाचा नाही. तो आमच्या वॉर्डाची फरशी पुसायच्या बादलीतला आहे."

कुंकू वाहिलेल्या बाईने हात पदराला पुसला. आजोबा नारळाशिवाय परत आले. गर्दी बघून खाली उतरलेले डॉक्टर अनीश माझ्या कानाशी आले. "सिस्टर, आपली बादली? चारचौघांत?"

"हो, आपलीच," मी मोठ्याने म्हटलं. "रात्रभर पाणी तसंच ठेवतात. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. आजच ती बादली भंगारात जाईल."

महाराज सावरले. "मंग झालं तर! बजरंगला हिरवं तुमच्याच बादलीनं केलं!"

लोक माझ्याकडे वळले. प्रश्न पुन्हा चोख होता.

"वॉर्डात सहा जण आहेत," मी म्हटलं. "बादली सहाही खाटांखाली फिरते. तीर्थ तिघांनाच मिळालं. बनुबाईंनी मायेने शेजारच्या दोघांनाही दिलं. त्या तिघांच्या पट्ट्या हिरव्या झाल्या. उरलेल्या तिघांच्या पांढऱ्या आहेत. आता तुम्हीच सांगा."

मी दोन नंबर उचलला. "हे महाराजांचं तीर्थ. बादलीत आणि यात एकच जंतू आहे. ओल्या, न धुतलेल्या भांड्यात तो सुखाने राहतो. त्याचा रंग हिरवा आणि वास द्राक्षासारखा. भाजलेल्या जखमेत गेला की तीनचार दिवसांत रंग दाखवतो. महाराजांना भविष्य कळत नाही. त्यांनी एवढ्या जणांच्या जखमा नासवल्यात, की दिवस पाठ झालेत. एक नंबर म्हणजे नळाचं साधं पाणी, त्यात काही नाही. आणि हा तीन नंबर. हेही तीर्थच, फक्त दहा मिनिटं उकळलेलं. कोरा आहे."

"आरं, मायेला उकळली?" महाराज किंचाळले.

"उकळल्यावर मरते ती देवी कसली?" महाराजांच्या दर्शनाला खाली आणलेला बजरंग व्हीलचेअरवरून म्हणाला. "आमच्या धंद्यात तिला नासलेला माल म्हनत्यात."

लोक हसले. बनुबाई हसली नाही. ती तुंब्याकडे बघत होती.

"महाराज," तिने विचारलं, "ह्यो तुंबा कवा घासला हुता?"

महाराजांना वाटलं, भक्तीचा प्रश्न आला. ते ताठ बसले. "घासायचा? बारा वर्सं आतून बोट लागू दिलं न्हाई, माय! सिद्ध तुंबा हाय!"

"बारा वर्सं?"

"बारा!"

बनुबाईचा चेहराच बदलला. जंतू, डब्या, आकडे यांनी जे झालं नव्हतं ते त्या एका शब्दाने झालं. "माज्या घरी हंडा घासल्याबिगर पानी भरत न्हाईत. सून एक दिस इसरली, तर मी तिला दिसभर बोलती. आन् ह्या बारा वर्साच्या घाणीतलं मी लेकाच्या उघड्या मासावर वतलं?"

तिने तुंबा हिसकावला आणि थेट आवारातल्या नळावर गेली. मी हातमोजे घेऊन मागे धावले. "बनुबाई, आधी मोजे घाला!" तिने घातले, उलटसुलट का होईना. कुणीतरी बाटल्या घासायचा ब्रश आणून दिला. तिने साबण ओतला आणि ब्रश आत घालून असा काही फिरवला, की आतून हिरवा, बुळबुळीत साका लोंबत बाहेर आला. वास आला, पण आता कुणाला द्राक्षं आठवेनात.

"शक्ती चालली, शक्ती चालली!" महाराज एका पायावर नाचत होते. एक क्रॉक गर्दीत हरवली होती.

"जाऊ द्या, महाराज," आजोबा नाक दाबत म्हणाले. "गटारीतनं जाईल बरूबर."

बनुबाईने चकाचक तुंबा त्यांच्या हातात ठेवला. बजरंगला घरी न्यायचा तो कागद फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग बजरंगच्या खुर्चीशी खाली बसून ती रडली. "मीच वतलं रं, माज्या हातानं."

"आय, लेकाला बरं वाटावं म्हनूनच वतलंस," बजरंग म्हणाला. "आता शिस्टर सांगतील तसं कर."

मला तिचा राग आला होता, याची तेव्हा शरम वाटली.

शुक्रवारचं ऑपरेशन अर्थातच झालं नाही. जखम रोज धुवायची, औषध लावायचं, पुन्हा तपासायचं, असे बारा दिवस गेले. त्या दिवसांत फार दुखलं त्याला. शेजारच्या दोघांचंही घरी जाणं लांबलं. मग कातडी बसवली. पाचव्या दिवशी डॉक्टर अनीशांनी पट्टी उघडली तेव्हा बनुबाई दारातच उभी राहिली. आत यायची तिची हिंमत होईना. कातडी गुलाबी होती. धरली होती. काही आठवड्यांनी व्यायाम करताना बजरंगचा हात कोपरातून खांद्यापर्यंत वाकला. "वाकला गं आये!" असं तो एवढ्या जोरात ओरडला, की खालच्या मजल्यावरून माणसं बघायला आली.

महाराज हल्ली दुसऱ्या तालुक्यात असतात म्हणे. तुंबाही नवा घेतलाय. तो तुमच्या गावातही येऊ शकतो, म्हणून हे लिहिलं. भाजलेल्या माणसाला तातडीने दवाखान्यात न्या. त्याच्या जखमेवर कुणी काही ओतायला निघालं, मग ते तीर्थ असो, भस्म असो नाहीतर इस्पितळातलंच काही असो, तर न लाजता दोन प्रश्न विचारा. ज्यांच्यावर हे ओतलं त्यांचं काय झालं? आणि ज्यांच्यावर नाही ओतलं, त्यांचं काय झालं? दोन्ही उत्तरं मिळेपर्यंत बाटलीचं झाकण उघडू देऊ नका.