शिंकेतही न थांबलेली धून

“मिस्टर हाउगेन, परवा दफनभूमीत तुम्हाला शिंक आली, तरी बिगुल वाजतच कसा राहिला?”

जोसीने विचारलं आणि मागे दाराआड तिच्या दोन मैत्रिणींनी, किर्स्टन आणि मॅडीने, एकमेकींची तोंडं दाबून धरली. त्यांना हे विचारून दाखवायची पैज त्यांचीच होती. परवा गावाच्या कार्यक्रमात शाळेचा बँड रांगेत उभा होता. समोर मिस्टर हाउगेन टाचा जुळवून, बिगुल ओठांना लावून उभे. सैनिकाला निरोप देतात ती धून चाललेली, इतकी स्वच्छ की अंगावर काटा यावा. आणि ऐन मधे म्हाताऱ्याने बिगुल बाजूला करून सणसणीत शिंक दिली. धून आपली चालूच. त्यांनी नाक पुसलं, बिगुल पुन्हा तोंडाला लावला आणि शेवटच्या सुरापर्यंत गाल फुगवून उभे राहिले.

खोटे फुगवलेले गाल जोसीला कोसभरावरून ओळखू यायचे. सूर चुकेल या भीतीने तिनेही आठवीचं अख्खं वर्ष बँडच्या शेवटच्या ओळीत, ट्रम्पेटमध्ये फुंकरसुद्धा न घालता काढलं होतं. आता ती दहावीत होती, ट्रम्पेटवाल्यांत सगळ्यात चांगलं वाजवणारा बसतो त्या पहिल्या खुर्चीवर बसत होती, आणि आपल्याला कशाचीच भीती वाटत नाही असं भेटेल त्याला सांगत सुटली होती.

हे सगळं चाललं होतं आयोवातल्या त्यांच्या गावात, कॉलेजच्या टेकडीवर, बंधुमंडळाच्या, म्हणजे पोरांच्या फ्रॅटर्निटीच्या घरात. दारावर तीन ग्रीक अक्षरं, आत चाळीस पोरं आणि जिन्यापासून माळ्यापर्यंत मोज्यांचा वास. इथे एकदा राहिलेला माणूस मरेपर्यंत ‘बंधू’. जोसीचे वडील, कर्ट, असेच एक बंधू, आणि मिस्टर हाउगेनही. पांगलेल्या सगळ्यांच्या खबरी गोळा करायचं काम कर्टकडे होतं. येत्या शनिवारी दुपारी सैन्यात जाऊन आलेल्या बंधूंच्या मानाचं जेवण होतं, म्हणून त्यांनी लेकीला आणि लेकीच्या मैत्रिणींना काटे-चमचे पुसायला जुंपलं होतं.

मिस्टर हाउगेन चिडतील, लाल होतील, काहीतरी थाप मारतील, असं जोसीला वाटलं होतं. त्यांनी बिगुल उलटा केला आणि त्याच्या तोंडातून एक काळा, नरसाळ्यासारखा भोंगा ओढून काढला.

“कारण मी वाजवतच नाही. कळ दाबायची, बिगुल उचलायचा, बाकी हा बघतो. आम्ही याला डबा म्हणतो.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“मी आणि डेल्मर.”

“म्हणजे तुम्ही लोकांना फसवता?” हे पैजेत नव्हतं. तोंडातून निसटलं.

“दात काढले तेव्हापासून,” मिस्टर हाउगेन शांतपणे म्हणाले. “कवळी लावून वरचा सूर काढायला गेलो ना पोरी, तर सुराच्या आधी कवळी बाहेर येते. आणि आसपासच्या तीन जिल्ह्यांत दुसरं कोणी वाजवणारं नाही. जुना सैनिक गेला की सैन्याकडून दोन जवान येतात, झेंड्याची घडी घालतात, बायकोच्या नाहीतर मुलीच्या हातात देतात. मग काय, मुकाट्याने माती ढकलायची? ज्याने आयुष्यातली उमेदीची वर्षं देऊन टाकली त्याला?”

“बर्फातसुद्धा जाता?”

“लोक काय उन्हाळा बघून मरतात होय?”

दाराआडचं खिदळणं केव्हाच थांबलं होतं.

डेल्मर कोण, ते मग त्यांनीच सांगितलं. डेल्मर प्रोखास्का हा याच घरात त्यांच्या खोलीतला जोडीदार. कॉलेज संपल्यावर दोघंही व्हिएतनामला गेले. हे रेडिओवर, तो जखमींची मलमपट्टी करायला. दोघंही परत आले, दोघांनीही गावाजवळच शेती केली. एप्रिलमध्ये डेल्मर गेला.

“मला म्हणायचा, मर्लिन, माझ्या वेळी डबा लावलास तर उठून बसेन. मी शब्द दिला होता, खरं वाजवीन म्हणून. तो अंथरुणाला खिळल्यावर महिनाभर गॅरेजमध्ये फुंकत बसलो. कुत्रा घर सोडून गेला, पण सूर काही आला नाही. शेवटी कळ दाबली.” त्यांनी भोंगा हातात फिरवला. “उठून बसला नाही.”

हातातला, आधीच पुसलेला चमचा जोसीने पुन्हा पुसला.

“शनिवारी त्याचं नाव घेणार आहेत. या घरात, आम्ही जिथे राहिलो तिथे. तिथे परत कळ दाबायची माझी छाती होत नाही.”

“मी वाजवीन,” जोसी म्हणाली.

“तुला येते ती धून?”

“पहिल्या खुर्चीवर बसते मी.”

“खुर्चीचं नाही विचारलं मी.”

“नाही येत. शनिवारपर्यंत येईल.”

त्यांनी भोंगा कोटाच्या खिशात टाकला. “ठीक आहे. मग मी हा घरीच ठेवून येतो. शनिवारी तू नाही वाजवलंस तर कोणीच वाजवणार नाही.”

परतताना मॅडी म्हणाली, “बाई, आम्ही तुला नुसतं विचारायला सांगितलं होतं. सैन्यात भरती व्हायला नाही.”

कागदावर बघितलं तर ती धून म्हणजे पोरखेळ. ट्रम्पेटच्या तिन्ही कळांना हातही लावायचा नाही. पण तिथेच तर गोम होती. बोटांना कामच नाही, म्हणजे चूक लपवायला जागा नाही. जे काय करायचं ते ओठांनी आणि श्वासाने. सगळे खालचे सूर तिने पहिल्याच संध्याकाळी बसवले. वरचा मात्र मनात येईल तसा वागायचा. कधी घंटेसारखा, कधी शेपटीवर पाय पडलेल्या बदकासारखा. आईने टीव्हीचा आवाज वाढवला, मग टीव्ही बंद केला आणि दळण संपायची वाट बघावी तशी स्वयंपाकघरात बसून राहिली.

शनिवार उजाडला. घरातली पोरं कोट-टाय घालून वाढायला उभी. सैन्यातून आलेल्यांना केकचा पहिला तुकडा, तोही जेवणाच्या आधी. असं का, ते कोणाला माहीत नाही आणि कोणी विचारतही नाही. मंडळाचा अध्यक्ष, ज्याला अजून धड मिशी फुटली नव्हती, स्वतः एकेकाच्या खुर्चीपाशी जाऊन ताटली ठेवत होता आणि “थँक यू, सर” म्हणताना दर वेळी त्याचा आवाज चिरकत होता.

मग खबरी. नियम एकच: माणशी एक वाक्य. दुसरं सुरू झालं की बाकीचे ग्लासवर चमचे बडवतात.

“नवा गुडघा बसवलाय, विमानतळावर वाजतो,” वॉल्ट नावाचे एक टकले आजोबा म्हणाले.

“जुळं झालंय, त्यामुळे हे वाक्य पुरं होईपर्यंत मी जागा राहीन अशी खात्री नाही,” एक तरुण बाप म्हणाला.

नौदलातून नुकताच सुटीवर आलेला एक जण उठला. “सहा महिने पाणबुडीत होतो आणि काय केलं ते सांगायची परवानगी नाही.”

“मासे पकडले असशील,” कोणीतरी ओरडलं.

“तेही सांगता येत नाही.”

दुसरं वाक्य. चमच्यांचा असा काही दणदणाट झाला की टेबलावरचा ग्रेव्हीचा वाडगा सरकला.

मग जोसीच्या वडिलांनी चष्मा सारखा केला. “डेल्मर प्रोखास्का. त्याची खबर मर्लिन देईल.”

मिस्टर हाउगेन उभे राहिले. “त्याची खबर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. तीच बायको, तोच ट्रक, कुत्रा नवा.”

सगळे हसले.

“झालं एक वाक्य. आता त्याने कधी न दिलेली खबर देतो. तिकडे त्याच्या हातात एक पोरगा गेला, नेब्रास्काचा. डेल्मर सुटून आला तो आधी त्याच्या आईकडे. बाई एकटी. ऑक्टोबर होता आणि खिडक्यांना थंडी अडवायच्या जादा काचा चढवायच्या राहिल्या होत्या. याला बोलायला काही सुचेना, म्हणून याने शिडी मागितली. पुढे दर ऑक्टोबरला जायचा, काचा चढवायला. एप्रिलमध्ये पुन्हा, उतरवायला. कितीतरी वर्षं तिने मुलाचं नाव काढलं नाही. मग एकदा खाली शिडी धरून उभ्या उभ्याच विचारलं. आणि याने वरूनच, खिडकीकडे तोंड करून, सगळं सांगितलं. शिडी तेव्हा हलत होती म्हणाला, पण ती हलवतेय की मी, ते कळलं नाही. ती बाई जाईपर्यंत तो जात राहिला.” त्यांनी टेबलावर हात टेकले. “एवढीच खबर.”

चमचे जिथल्या तिथे होते. खुर्च्या मागे सरकल्या, सगळे उभे राहिले, आणि वडिलांनी जोसीकडे पाहून मान हलवली.

जोसी टेबलाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. मिस्टर हाउगेनच्या खिशात आज भोंगा नाही, हे तिला माहीत होतं. तिने ट्रम्पेट उचलला. पहिले सूर आले, गोल, भरलेले. दुसरी ओळ आली. माना खाली होत्या, नजरा बुटांवर. ही धून अशीच ऐकायची सवय त्या खोलीला लागली होती. मग तिसरी ओळ चढायला लागली आणि जोसीला कळलं की आपल्याजवळ श्वास कमी आहे.

वरचा सूर फाटला.

थोडा नाही, चांगला कापडासारखा टर्रकन फाटला. आणि खोलीतल्या सगळ्या माना वर आल्या. वॉल्ट आजोबा, पाणबुडीवाला, बिनमिशीचा अध्यक्ष, सगळे तिच्याकडे बघत होते. जिवंत माणूस वाजवतोय हे त्यांना आत्ता उमगलं होतं. आठवीतली जोसी असती तर तिने तिथेच गाल फुगवून ट्रम्पेट गप्प केला असता. पण डेल्मरला दिलेला शब्द आता तिच्याच ओठांवर होता. तिने श्वास ओढला, तो सगळ्या खोलीला ऐकू गेला, आणि तोच सूर परत घेतला. या वेळी तो उभा राहिला. मग उरलेली धून ती हळूहळू, एकेक पायरी उतरावी तशी, शेवटपर्यंत घेऊन गेली.

मिस्टर हाउगेन ताठ उभे होते. हात सलामीसाठी कपाळाला आणि गाल ओले. ते त्यांनी पुसलेही नाहीत.

जेवणं उरकल्यावर ते तिच्यापाशी आले. “श्वास वरच्या सुराच्या आधी घ्यायचा असतो. नंतर नाही.”

“हे आधी सांगायचं ना.”

“तू मला फक्त शिंकेचं विचारलं होतंस.” त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. “डेल्मर उठून बसला नसता आज. निवांत पडून राहिला असता.”

मग सहज बोलल्यासारखं बोलून गेले, की मंगळवारी सकाळी त्यांना शेजारच्या गावात जायचंय. मंडळाचा बंधू नाही, कोणाचा कोणी नाही, कोरियाच्या युद्धात लढलेला एक म्हातारा गेलाय. नातेवाईक सापडले नाहीत.

“मग येणार कोण?”

“दोन जवान, पाद्री आणि मी.”

“आणि डबा?”

“आणि डबा. चल, तुझे आईवडील थांबलेत.”

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, छान झालं हो, आणि तो मधला सूर कोणाच्या लक्षातही आला नसेल.

“सगळ्यांच्या लक्षात आला, मॉम,” जोसी म्हणाली. “बरंच झालं. आणि मंगळवारी मी शाळेत जाणार नाहीये.”

वडिलांनी किल्ली फिरवता फिरवता हात थांबवला.

“मंगळवारी केमिस्ट्रीची परीक्षा आहे तुझी,” आई म्हणाली.

“ती परत देता येते.”

“आणि बँड? तालमी बुडवल्या की सर मागच्या ओळीत बसवतात, तूच सांगतेस.”

“बसवू देत. मागच्या ओळीतून पण वाजवता येतं.” जोसी पुढच्या दोन सीटांच्या मधून वाकली. “डॅड, मॉम, मी परवानगी मागत नाहीये, ठरवलंय ते सांगतेय. मंगळवारी मी मिस्टर हाउगेनबरोबर जाणार आणि वाजवणार. आणि इथून पुढे ते जिथे जिथे जातील तिथे मी जाणार, कोणी रडायला असो नाहीतर नसो.”