मोतिया ड्रम

रीताचं लग्न ठरलं ते साल दोन हजार तेवीसचं. शिमग्यात सोयरीक पक्की झाली आणि होळीची राख थंड व्हायच्या आत तिच्या बापाची, लखीरामची, छाती बसली. वाशिमच्या डॉक्टरने फुप्फुसं निकामी झाली एवढं सांगून घरी न्यायला लावलं. तेव्हापासून मानोऱ्याजवळच्या तांड्यात, ओसरीवरच्या बाजेवर, लखीराम बसूनच झोपायचा. आडवं झालं की दम कोंडायचा.

उमेदीची वर्षं त्याने ऊसतोडीत घालवली होती. हंगाम संपला की लग्नसराईत तो बँडमध्ये ड्रम वाजवी. ड्रम त्याचा स्वतःचा, म्हाताऱ्या बँडमास्तर प्रेमसिंगने हात थकल्यावर दिलेला. प्रेमसिंगनेही तो जुनाच घेतला होता. लाकडी खोड, त्यावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा झळकणारा मोतिया पत्रा. पत्रा म्हणजे टिनाचा नव्हे, जुन्या काळचा प्लास्टिकसारखा. तोंडाला खरं कातडं. ते कसायची बोटभर चावी लखीरामने करदोड्याला बांधली होती, कुणी उगाच पिळून कातडं फाडू नये म्हणून.

आता त्याला एकच पाहिजे होतं. रीताच्या वरातीत तो ड्रम पोराच्या, किशनच्या, गळ्यात झळकला पाहिजे.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी त्याने बायकोला ड्रम काढायला सांगितला. ललिताबाईला उभ्या संसारात त्याने त्या ड्रमला हात लावू दिला नव्हता. पोत्यातून काढला तर धुराने काळवंडलेला, वर हळदीचे आणि घामाचे डाग. ती थेट राखेचं टोपलं घेऊन आली.

"ते कायले आणलं?" लखीराम म्हणाला. "लोटा घासून राह्यली का तू? राख नोको, चिंच नोको, रॉकेल तं दाखवूही नोको त्याले."

"मंग का फुंकरीनं साफ करू?"

"फुंकर मारून पाय. तुही फुंकर तं माह्याहून बरी हाय."

रीता हसली. लखीरामही हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती बसल्यावर तो एकेक सांगत गेला. आधी कोरड्या मऊ फडक्यानं नुसती धूळ उचलायची, दाबायचं नाही, नाहीतर धुळीनेच ओरखडे पडतात. मग वाटीभर पाण्यात साबणाचा एखादा थेंब. फडकं घट्ट पिळायचं. वीतभर जागा पुसायची आणि लगेच कोरडी करायची.

ललिताबाईने जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला. काळी पट्टी निघाली आणि खालून पांढरा, निळसर, हलता उजेड वर आला. तिचा हात थांबला.

"अगं बाई," ती म्हणाली. "हे असं होतं व्हय याच्यात?"

"तुह्या लग्नात हाच वाजला होता. तू डोक्यावरून पदर काढला असता तं दिसला असता."

तेवढ्यात त्याला दम लागला. ओठ निळे पडले. किशनने ऑटो आणला, बापाला उचलून बसवलं. जाताना लखीरामने बायकोचं मनगट धरलं. "पुसून ठेवजो. आलो की वाजवून पाहू."

ऑटो दिसेनासा झाला तशी ती ओसरीवर परतली आणि पुन्हा पुसायला बसली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. ड्रम पुसून झाला तर माणूस परत येईल, असं तिच्या मनाने धरलं. खोड झालं. मग तिने कातड्यावरची हळदही त्याच ओल्या फडक्याने काढली. तिने बोटांनी कातडं वाजवलं. आवाज ओल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा बसका आला.

लखीराम येईल, थाप मारेल, आणि हा आवाज ऐकेल. चावी त्याच्या कमरेला. मग तिने तेच केलं जे तांड्यात कुणीही करील. नंगारा सैल पडला की शेकतात. होळीला तिच्या बापाने शेकला होता, सासऱ्याने शेकला होता. तिने चुलीवरची भाकर उतरवली आणि ड्रम आचेसमोर धरून भाकरीसारखा फिरवू लागली.

आधी कापराचा वास आला.

"याडी, कोण आरती करून राह्यलं?" रीताने आतून आईला विचारलं.

ललिताबाईनेही मागे वळून पाहिलं. पुन्हा समोर पाहिलं तेव्हा मोतिया पत्र्यावर तळहाताएवढा फोड उठला होता आणि कडेने तांबूस होत होता. तिने ड्रम मागे ओढला, छातीशी धरला. छाती भाजली तरी सोडला नाही.

रीताने मानोऱ्याच्या बँडवाल्या अमरदीपला फोन लावला. ललिताबाई फोनमध्ये ओरडतच होती. "दादा, खाली कसा बसवू हा? गरम तवा ठेवू? सुईनं फोडू? गोंद भरू?"

"मावशी, काहीच करू नोको! त्या जुन्या पत्र्यात कापूर असते, तो आगच धरते. वाचला तेच खूप. फोड बसत नाही आता. नवा पत्रा चढवता येते, पण मंग तो तुमचा ड्रम राहत नाही."

तरी ती दाबत राहिली. गार फडकं ठेवलं, तळहात ठेवला, देवाचं नाव घेतलं. फोड बसला नाही. किशनचा फोन आला. "डॉक्टर मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून राह्यले. बा म्हणते, मले घरी न्या. ड्रमचं विचारून राह्यले."

"सांग त्याले," ती म्हणाली, "झळकून राह्यला."

दिवस कलायच्या आत ऑटो आला. लखीरामला बाजेवर टेकवून बसवलं. त्याने नाक वर केलं.

"कापूर कोणं जाळला?"

ललिताबाईने ड्रम आणून त्याच्या मांडीवर ठेवला, फोडाची बाजू स्वतःकडे करून. त्याचा हात मोतिया पत्र्यावरून फिरत फिरत त्या फोडापाशी आला आणि थांबला.

"शेकला?"

"शेकला," ती म्हणाली. "बसका वाजत होता. तुमी याल अन् ऐकाल... मारा मले."

त्याने श्वास ओढून घेतला. मग म्हणाला, "मीच येडा. राखीचं सांगतलं, चिंचीचं सांगतलं. आगीचं सांगाचं राहूनच गेलं. नंगारेवाल्याची पोरगी तू, शेकशील नाही तं काय करशील." त्याने किशनकडे मान वळवली. "फोड पोटाकडं घेजो. लोकायले चांगली बाजू दिसते."

तो करदोड्याची गाठ चाचपू लागला. गाठ घामाने आवळली होती. ललिताबाई खाली वाकली, दातांनी ओढून पाहिली.

"तोडू?"

"जितेपणी करदोडा तोडतेत का, बाई?" तो म्हणाला. "राहू दे. उद्या सोडू."

करदोडा दुसऱ्या दिवशी भावकीने तोडला आणि चावी ललिताबाईच्या हातावर ठेवली. तिने ती किशनला दिली नाही. तशीच मुठीत धरून बसली.

रीताचं लग्न पुढे ढकललं. लखीराम अखजीच्या दुसऱ्या दिवशी, तेवीस एप्रिल दोन हजार तेवीसला, रविवारी सकाळी, बाजेवर बसल्या बसल्या वारला.