द्रावणातल्या पाठराखिणी

"परत तेच आलंय?" सरांनी दारातूनच विचारलं.

"तेच." त्यांची विद्यार्थिनी संगणकाच्या पडद्यासमोरून हललीही नाही. आपलंच काहीतरी चुकलं असावं, अशी आशा धरून तिने प्रयोग पुन्हा पुन्हा केला होता. आता अंगात त्राण उरलं नव्हतं.

हिस्टोन हे प्रथिन मोकळं सुटलं की भलत्यालाच चिकटतं; म्हणून त्याला डीएनएपर्यंत सांभाळून नेणारं दुसरं प्रथिन लागतं. प्रयोगशाळेत सगळे त्याला पाठराखीण म्हणत. या पाठराखिणी दोघी-दोघींनीच राहतात, हे सरांनी तरुणपणी दाखवून दिलं होतं. त्यावरच त्यांचं नाव झालं, आणि निवृत्तीच्या समारंभात ते त्यावरच बोलणार होते. तिने मात्र द्रावणातून क्ष-किरण सोडून पाहिले, तर जोड्या एकमेकींना धरून गोल कडं करून बसलेल्या!

"समारंभ होऊ दे, मग सांग," नवरा सकाळी म्हणाला होता. "जाता जाता कशाला त्यांचा हिरमोड करतेस?" तरी दुपारी तिने सरांना फोन करून सांगितलंच.

सर स्टुलावर टेकले. "मीठ किती घातलंस?"

"पेशीत असतं तेवढंच, सर."

"मी कितीतरी जास्त घालायचो. तेवढ्या मिठात कडं सुटून नुसत्या जोड्याच उरणार." ते पडद्यावरच्या वक्ररेषेकडे बघत राहिले. "कमी मिठात पुंजके व्हायचे. मला वाटायचं, नमुना नासला."

"मग?"

"मग काय! ओतून द्यायचो बेसिनमध्ये." ते हसायला गेले, पण हसू ओठांतच विरलं. "बायको म्हणायची, घरी अळणी जेवता अन् तिकडे मुठीने मीठ ओतता."

"जोड्या खऱ्याच आहेत, सर. त्यांचंच तर कडं झालंय."

"समजूत घालू नकोस गं माझी."

तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "नंतर सांगणार होते. पण तुम्ही सगळ्यांसमोर उभे राहून बोलणार, आणि मी खाली गप्प बसणार... नाही जमलं."

"बरं केलंस," ते सावकाश उठत म्हणाले. "घरी जा आता. झोप काढ."

समारंभाला सभागृह गच्च भरलं होतं. टाळ्या थांबल्यावर सर म्हणाले, "मी सांगितलं ते अर्धंच होतं. उरलेलं हिच्याकडून ऐका."

ती वर गेली. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची तशीच रिकामी राहिली. सर मागे भिंतीशी जाऊन उभे राहिले, आणि चष्मा पुसून पडद्याकडे बघू लागले.