आईवडिलांनी भरू नये

फॉर्मच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं : आईवडिलांनी भरू नये. मुलाला रोज बघणाऱ्या दुसऱ्या मोठ्या माणसाने भरावा.

आमच्या घरात असं माणूस शोधायला लांब जायची गरज नव्हती. धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहते, मी खालच्या. ती औषधांच्या दुकानात सहा वाजेपर्यंत कामाला असते आणि मी पुढच्या खोलीत बसून लोकांचे कपडे उसवून घट्ट-सैल करून देते. त्यामुळे शाळा सुटली की तिची मुलगी आणि माझा मुलगा दोघंही माझ्याच मशीनपाशी. दोघं तिसरीत, एकाच वर्गात. माझा तीन महिन्यांनी मोठा, म्हणून त्याला सगळे दादू म्हणतात. तिला भिंगरी म्हणतात. मी मनातल्या मनात आणखी बरंच काही म्हणते.

शाळेनं विशेष हुशार मुलांसाठी वेगळा वर्ग काढला होता. आठवड्यातून दोन दिवस, निवडून घेतलेली बारा मुलं, स्वतंत्र बाई. आमच्या दोघांनीही परीक्षा दिली आणि दोघांच्या गुणांत फक्त एकाचा फरक पडला. आता सगळं या फॉर्मवर होतं. जाऊ म्हणाली, ताई, तुम्ही माझ्या लेकीचा भरा, मी दादूचा भरते. मी हो म्हटलं. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

खरं सांगायचं तर ती मुलगी बोलायला लागली तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. दादूनं पहिलं पाऊल टाकलं त्याच दिवशी तिच्या तोंडून पहिला शब्द फुटला, आणि सगळं घर त्याचं चालणं सोडून तिचं बोलणं ऐकायला वर धावलं. तो बिचारा मधल्या खोलीत दोन पावलं चालून बसला. बघायला मी एकटी. पुढे पाहुणे आले की तेच, शाळेत गेलं की तेच. भिंगरी काय म्हणाली, भिंगरीनं काय विचारलं. दादूबद्दल लोक एवढंच म्हणायचे, गुणी आहे हो. गुणी म्हणजे काय, तर त्याच्याबद्दल बोलायला यांच्याकडे काही नाही.

तर एका दुपारी मुलं यायच्या आत मी फॉर्म घेऊन बसले. 'मुलाच्या सवयी उदाहरणांसह लिहा.' म्हटलं, लिहिते की.

एकदा सुरुवात केल्यावर हात थांबेना. मी लिहिलं, ही मुलगी एखाद्या गोष्टीच्या हात धुऊन मागे लागते. मशीनमधला वरचा दोरा आणि खालचा दोरा नेमके कुठे भेटतात, हे तिनं चार दिवस विचारलं आणि पाचव्या दिवशी मशीनचा खालचा भाग स्वतःच खोलून ठेवला. माझ्या डब्यातली बटणं तिनं भोकांवरून लावली, दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे. मग तीन भोकांचं एक सापडलं, तर ते कुठे ठेवायचं म्हणून अर्धा तास रडली. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते की पँट बरोबर आहे, तुमचाच एक पाय आखूड आहे. खेळात हरायला लागली की नियमच बदलते, आणि नवे नियम जुन्यापेक्षा चांगले आहेत हे पटवूनही देते. वाचत असली की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. मोठ्यांची चूक काढताना जराही कचरत नाही.

पान संपलं तेव्हा मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. एक शब्द खोटा लिहिला नाही, लिहायची गरजच पडली नाही. असल्या हट्टी, भांडकुदळ कार्टीला कोण वर्गात घेतंय, असं म्हणत मी पाकीट चिकटवलं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

दोन आठवड्यांनी पत्रं आली. भिंगरीला घेतलं होतं, दादूला नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जावेनं त्याच्याबद्दल काहीतरी वाकडं लिहिलंच असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी लिहिलं होतं, मग ती कशाला सोडेल? दादू मात्र पत्र वाचून म्हणाला, बरं. आणि भिंगरीला सांगायला वर गेला.

त्या शनिवारी निवडलेल्या मुलांच्या घरच्यांची सभा होती. मुलांजवळ दिवसभर जे असतात त्यांनीही यावं असा निरोप होता, म्हणून जाऊ मलाही घेऊन गेली. जायची इच्छा नव्हती, पण दादूचा फॉर्म बघायला मिळेल या आशेनं गेले. त्या वर्गाच्या बाई ठेंगण्या होत्या, चष्मा डोक्यावर सरकवून बोलायच्या. म्हणाल्या, घरचा अभ्यास वाढणार नाही, पण प्रश्न वाढतील. आजवर नेहमी पहिली येणारी मुलं इथे आल्यावर सातवी-आठवी येतील आणि घरी येऊन रडतील, तेव्हा घाबरू नका. गणितात पुढे असलेल्या मुलाला बुटाची नाडी बांधता येत नसेल, तर तेही चालायचंच. हुशार म्हणजे आज्ञाधारक नव्हे.

मग त्या म्हणाल्या, नाव न सांगता एक फॉर्म वाचते, म्हणजे घरी काय चालतं ते सगळ्यांना कळेल. आणि त्यांनी बटणांपासून सुरुवात केली.

मी खुर्ची जरा मागे सरकवली. शेजारी जाऊ बसलेली. बटणांचा डबा कोणाचा, ते तिला सांगायला नको होतं. आखूड पायाच्या गिऱ्हाइकाला सगळी खोली हसली. ती हसली नाही. मान खाली घालून ऐकत राहिली. बाई शेवटी म्हणाल्या, आम्ही शोधतो ते नेमकं हेच, आणि ज्यांनी लिहिलंय त्यांचं या मुलीवर किती प्रेम असेल. मला वाटलं, उठावं आणि बाहेर पळावं.

सभा संपल्यावर मी दादूचा फॉर्म मागितला. सहा ओळी होत्या. तो शांत आहे, दिलेलं काम पूर्ण करतो, कोणाला त्रास देत नाही, मला तो स्वतःच्या मुलासारखा आहे. खाली लिहिलं होतं, शाळेतून आल्यावर तो आधी आईच्या मशीनखालच्या टाचण्या वेचतो, कारण माझी मुलगी अनवाणी फिरते. 'काकू' खोडून वर 'आई' केलं होतं, घाईत लिहिताना तिच्या लेकीचाच शब्द आला असणार.

टाचण्या तो वेचतो हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्या हातून फारशा पडत नाहीत, असं मला वाटायचं.

आम्ही परत निघालो. बाईंनी सांगितलं होतं की पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. न राहवून मी म्हटलं, "पुढच्या वर्षी त्याचा फॉर्म भरशील तेव्हा एवढं गोड नको लिहूस. त्याचं काय खटकतं, ते लिही."

"काही खटकत नाही, ताई."

"नीट आठव. काहीतरी असेलच की."

ती थांबली. आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं.

"कसं आठवणार?" ती म्हणाली. "तुम्ही माझ्या लेकीकडे बघता, तसं मी कधी त्याच्याकडे बघितलंच नाही."

मग ती माझ्या हातातली पिशवी घेऊन चालायला लागली. मी मागून जात राहिले. लाज वाटली. आणि खोटं कशाला बोलू, तेव्हासुद्धा मला तिचा हेवाच वाटला.